त्या बरोबरीतलं निशाण

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. टाळायला कारणंही चांगली मिळत गेली. आधी गुडघा, मग मोतीबिंदू, मग नातीचं लग्न. आता मोतीबिंदू निघाला, नात सासरी गेली आणि गुडघ्याची सवय झाली. कारणं संपली म्हणून लिहायला बसलो आहे; धीर आला म्हणून नव्हे.

आमच्याकडे भात कापून झालं की शेतं मोकळी होतात. बहुतेक जण त्यात वाल टाकतात. वरसे गावाच्या अंगाला एक शेतकरी मात्र आपला एक मोठा तुकडा न पेरता आम्हाला फुटबॉलसाठी सोडायचा. भाताचे खुंट पायांनी तुडवून तुडवून सपाट करायचे, दोन्ही टोकांना बांबू पुरायचे आणि चारी बाजूंचे बांध म्हणजे मैदानाची हद्द. पेणपासून रोह्यापर्यंतच्या आठ-दहा टीम अशा शेतांवर खेळायच्या आणि शेवटी एक ढाल मिळायची. ढाल पत्र्याची होती. आमचं बोलणं ऐकणाऱ्याला ती सोन्याची वाटली असती.

या सामन्यांत रेफ्री तिसऱ्या गावचा असे. पण बांधावर निशाण घेऊन उभे राहणारे दोन लाइन्समन दोन्ही टीमनी आपापले द्यायचे, अशी रीत होती. लाइन्समन म्हणून तरुण पोरगा कोणी देत नसे, कारण तरुण पोरगा खेळायला लागे. त्यामुळे हा मान टीममधल्या सगळ्यात निरुपयोगी पण सगळ्यात आदरणीय माणसाला मिळायचा. रोह्याचा तो माणूस मी. कंपनीतून शिफ्ट सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो होतो, आवाज मोठा होता आणि पांढरी पँट होती.

त्या वर्षी शेवटचा सामना आमचा आणि पेणचा. आम्ही जिंकलो तर ढाल आमची; बरोबरी झाली तरी पेणची, कारण त्यांचे गोल जास्त होते. इतकं सरळ होतं.

आमचा गोलकीपर पेणच्या खाडीकडचा. घरचं मिठागर. तो आमच्या कंपनीत कंत्राटावर लागला होता आणि रोह्यात खोली घेऊन राहत होता. कंपनीचे सेफ्टीचे हातमोजे घालून गोलात उभा राहायचा. बोलायचा कमी. त्या वर्षी आम्ही वर होतो ते त्याच्यामुळे, हे सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणूनच कोणी बोलून दाखवत नव्हतं.

शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा आम्ही एक-शून्यने पुढे होतो. मी आमच्याच गोलकडच्या बांधावर. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर सामन्याचे प्रमुख पाहुणे बसले होते, आमच्याकडचे एक वजनदार गृहस्थ, ज्यांना फुटबॉलमधलं इतकंच कळत होतं की तो लवकर संपत नाही. ते म्हणाले, "चहाचं काय जमेल का हो?"

चहावाला पलीकडच्या बांधावर सायकलला किटली लटकवून उभा होता. त्याचं लक्ष वेधायला हवं होतं. डाव्या हातात माझी छत्री होती, उन्हासाठी. उजव्या हातात निशाण होतं.

मी निशाण वर केलं.

चांगलं उंच केलं आणि हलवलं. चहावाल्याने पाहिलं, हात वर करून "आलो" अशी खूण केली, आणि मी निशाण खाली घेतलं. एवढ्यात जे झालं ते मी डोळ्यांच्या कडेने पाहिलं. पेणचा एक गडी चेंडू घेऊन आमच्या बचावाच्या पुढे निघाला होता. आमच्या गोलकीपरने माझ्याकडे बघितलं, वर गेलेलं निशाण पाहिलं, ऑफसाइड समजून सरळ उभा राहिला आणि फ्री किकसाठी चेंडू मागायला हात पुढे केला. पेणचा गडीही गोंधळला होता. पण शिट्टी वाजली नाही म्हणून त्याने अगदी संकोचून, पाहुण्याला पाट सरकवावा तसा, चेंडू गोलात सरकवला.

रेफ्री मागून धावत येत होता. त्याने चेंडूच बघितला, निशाण नाही. गोल दिला. गोलकीपर माझ्याकडे बोट दाखवत धावत त्याच्याकडे गेला. रेफ्रीने मान वळवून मला विचारलं, "निशाण होतं का?"

माझ्या मनात चक्क एक युक्तिवाद उभा राहिला. ते निशाण ऑफसाइडचं नव्हतं. चहाचं होतं. म्हणजे खेळाच्या दृष्टीने निशाण नव्हतंच. मी मान हलवली: नाही. तेवढ्यात चहा आला. चहा चांगला होता, हेही सांगून टाकतो.

एक-एक. ढाल पेणला गेली.

विजयासाठी पोपटी लावायचं आधीच ठरलं होतं. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी भरून दुपारीच तयारी झाली होती. आता बरोबरीसाठी पोपटी लावावी का, यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी मास्तर म्हणाले, "कोंबडीने काय घोडं मारलंय?" मग दिवस कलताना मैदानाच्या कडेला मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा पेटवला.

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे शिक्षक. फुटबॉलला त्यांचा पाय कधी लागला नव्हता, पण टीमच्या प्रत्येक पराभवाचं कारण त्यांच्याकडे तयार असे. दुसरे बोलणारे म्हणजे मेडिकलच्या दुकानाचे मालक. हे परदेशातले सामने मोबाइलवर बघत आणि आमच्या पोरांना तिकडच्या मापाने मोजत.

"पझेशनच नव्हतं आपलं," मेडिकलवाले म्हणाले. "मिडफिल्ड कुठे होतं सांगा मला."

"खुंटात अडकलं होतं," कोणीतरी म्हणालं.

"हसा. तिकडे असा खेळ केला तर कोचला दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात."

"आपला कोच घरीच असतो," मास्तर म्हणाले. "त्याची नाइट शिफ्ट आहे, दिवसा झोपतो."

मडकं उघडलं. मास्तरांनी वर्तमानपत्र पसरून त्यावर अकरा शेंगा मांडल्या आणि आमची टीम कशी उभी राहायला हवी होती ते समजावू लागले. समजावता समजावता त्यांनी राइट बॅक सोलून खाल्ला. मेडिकलवाल्यांनी दोन स्ट्रायकर खाल्ले. पाच मिनिटांत पेपरावर गोलकीपर तेवढा उरला, आणि मग सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"एक सांगू का," मेडिकलवाले हळू आवाजात म्हणाले. "हा थांबला कसा? माणूस असा उगाच थांबतो?"

"बहीण पेणला दिलीय त्याची," मास्तर म्हणाले.

"व्हय?"

"भावजी त्यांच्या टीमच्या मागे फिरतो. पोरांना आणायला ट्रॅक्टर त्याचाच असतो."

एवढं पुरलं. दहा मिनिटांपूर्वी ज्यांचा विषय मिडफिल्ड होता त्यांचा विषय आता सोयरीक झाला. कोणाला आठवलं की सामन्याआधी त्याने पेणच्या एका गड्याशी हात मिळवला होता. सगळ्यांनीच मिळवला होता, पण याने जास्त वेळ मिळवला होता. मास्तरांनी इतिहासातल्या फितुरांचे दोन-तीन दाखले दिले. त्यातला एक किल्ल्याचा होता. गोल आणि किल्ला यांतलं साम्य त्यांनी फार सविस्तर सांगितलं.

मी सगळं ऐकत होतो आणि तंगडी खात होतो.

मग तो स्वतः आला. हातात कागदाची पुडी होती. घरच्या मिठागरातलं मीठ. पोपटीसाठी तो आदल्या आठवड्यात सांगून गेला होता की मीठ मी आणतो, आणि सकाळीच निम्मं देऊनही गेला होता. आम्ही खात होतो ते त्याचंच. आता उरलेलं घेऊन आला होता. त्याने पुडी पेपरावर ठेवली. कोणी सरकून जागा दिली नाही. तो उभाच राहिला.

"माझ्यावर बोलत व्हता काय?" त्याने विचारलं.

"तुझ्यावर कशाला बोलू," मेडिकलवाले म्हणाले. "तू आमचा थोडाच हायस."

तो माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही निशाण वर केलं व्हतं ना? मी बघितलं म्हणून थांबलो."

सगळे माझ्याकडे बघू लागले. आत्ता हे लिहिताना मला कळतं की तेव्हा खरं सांगायला पाच शब्द लागले असते. लोक हसले असते. फार तर वर्षभर मला चहा म्हणून हाक मारली असती. पण पाहुण्यांसमोर, मास्तरांसमोर, त्या पांढऱ्या पँटीत, मला ते जमलं नाही. नुसतं नाही म्हणून थांबलो असतो तरी बरं. मी त्यात भर घातली.

"नाय रे," मी म्हणालो. "ऊन डोळ्यावर आलं असेल तुझ्या."

त्याला कळलं, हे मला तेव्हाच कळलं. सामन्यात ऊन त्याच्या पाठीमागे होतं. माझ्या हातात छत्री होती ती त्या उन्हासाठीच, आणि मी त्याच्यासमोर उभा होतो.

"तसंच असंल," तो म्हणाला, आणि गेला.

पुढचा भाग मला जास्त टोचतो. तो गेल्यावर लोकांनी माझी स्तुती केली. ऊन म्हणालो म्हणजे मी त्याला सांभाळून घेतलं, असं सगळ्यांनी धरलं. मेडिकलवाल्यांनी टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, "काकांचा मोठेपणा." खाली हात जोडल्याची चित्रं आली. मी त्यावर अंगठा दाखवला.

पुढच्या मोसमात त्याला खेळायला बोलावलंच नाही. कंत्राट संपलं तेव्हा तो कंपनीही सोडून खाडीकडे परत गेला. त्याच्या जागी मेडिकलवाल्यांचा भाचा गोलात उभा राहिला. त्याने पहिल्याच सामन्यात पाच गोल खाल्ले, पण ते प्रामाणिकपणे खाल्ले म्हणून त्याला कोणी बोललं नाही.

दर हिवाळ्यात ग्रुपवर तो सामना पुन्हा निघे. ज्यांनी तो बघितला नव्हता त्यांना तो जास्त आठवायचा. एकाने लिहिलं, गोलकीपर चेंडू सोडताना हसला. दुसऱ्याने लिहिलं, भावजीचा ट्रॅक्टर दुसऱ्याच दिवशी नवा आला. मी वाचायचो आणि मोबाइल उपडा ठेवायचो.

माफी मागायला मी निघालो नाही असं नाही. पहिल्यांदा पेणचं तिकीट काढून गाडीत बसलो आणि पहिल्याच स्टेशनवर, निडीला, पाणी प्यायला म्हणून उतरलो. पाणी प्यायला इतका वेळ लागला की गाडी गेली. दुसऱ्यांदा पेणपर्यंत पोचलो. तिथे बाजारात उभा राहिलो, पोह्याचे पापड घेतले आणि परत आलो. तिसऱ्यांदाही पापडच घेतले. बायको म्हणाली, "आता पुरे करा ते पापड. डबे संपले." चौथ्यांदा गेलो तेव्हा तिने विचारलंच, "पेणला कोण आहे तुमचं?" संशय वेगळाच होता तिचा. माझ्या वयाचा मान म्हणून मी तो लगेच खोडून काढला नाही.

गेल्या थंडीत एकदाचा पोचलो. पेणहून मिनीडोर रिक्षा केली आणि खाडीकडे गेलो. त्याचं घर विचारलं तर एक बाई म्हणाली, तो आता मैदानावर असंल. मिठागराच्या कडेला एक कोरडा तुकडा होता, पांढरट, कडक. तिथे तो गावातल्या मुलींना फुटबॉल शिकवत होता. केस पिकले होते. मी बांधावर उभा राहिलो. त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

एक मुलगी चेंडू जवळ असताना मध्येच थांबली.

"का थांबलीस गो?" त्याने विचारलं.

"तिने हात वर केला."

"केला तर केला. शिट्टी वाजली काय? मग थांबायचं नाय. बांधावरचा माणूस कशाला हात वर करतो, तुला काय ठावं?"

मग त्याने वळून मला पाहिलं. ओळखलं. आला, पाया पडला. "काका, तुम्ही? घरी चला, चहा घ्या." मी म्हणालो, नको, आधी थोडं बोलायचं होतं. तो म्हणाला, "बोलू की. पण या पोरींचा खेळ व्हायचाय, बांधावर कोण नाय. आलाच हाव तर जरा निशाण धरा." आणि त्याने एका काठीला बांधलेला लाल फडक्याचा तुकडा माझ्या हातात दिला. चेष्टेने दिला की खरोखर माणूस हवा होता म्हणून, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. आजही कळत नाही.

मी अर्धा तास निशाण धरून उभा होतो. दोनदा ऑफसाइड झाला, दोनदाच हात वर केला. नाकावर माशी बसली तरी तिसऱ्यांदा केला नाही. खेळ संपल्यावर त्याने निशाण परत घेतलं आणि म्हणाला, "बराबर दिलंत दोन्ही." मुली भोवती होत्या. मी म्हणालो, चांगल्या खेळतात. त्याने विचारलं, "काय बोलायचं व्हतं?" मी म्हणालो, काही नाही, पापड घ्यायला आलो होतो, म्हटलं भेटून जावं. तो म्हणाला, "बरं केलंत." मग मला मिनीडोरपर्यंत सोडायला आला.

मास्तर आता नाहीत. मेडिकलवाले मुलाकडे असतात. आमच्या त्या मैदानावर इमारत उभी राहिली. ग्रुप मात्र चालू आहे, आणि हे लिहून झालं की मी ते तिथे टाकणार आहे. पण तो त्या ग्रुपमध्ये नाही. त्याला आम्हीच काढलं होतं. त्याच्यासाठी तयार केलेलं वाक्य रोह्यापासून पेणपर्यंत दर फेरीत मी मनात म्हणत गेलो, आणि तसंच परत घेऊन आलो. ते असं होतं: बाबा, निशाण मी वर केलं होतं, चहासाठी, तू बरोबर बघितलंस, आणि मी सगळ्यांसमोर खोटं बोललो, मला माफ कर.