दुकानासमोरचं झाकण

गटाराची घाण सुटली की तुम्ही आधी काय बंद करता, स्वतःचं नाक की गटाराचं झाकण? परवा समुद्राकाठच्या काळ्या चिखलात पाय रुतला, सडक्या अंड्यांचा वास आला आणि मला नागपूरच्या सीताबर्डी बाजारातली एक दुपार आठवली. मी रस्त्यावर पत्रकं वाटत होतो. दोन भाऊ गटार साफ करत होते. धाकटा आत उतरला होता आणि विषारी वायू निघून जावा म्हणून थोरल्याने पुढचं, एका कापडाच्या दुकानासमोरचं झाकणही उघडं ठेवलं होतं. त्या दुकानाच्या मालकाने ते लाथेने बंद केलं. "सेठ, भाऊ हाय माहा आतमध्ये! मरून जाईन तो!" थोरला ओरडला. "मरू दे ना गा! माहं गिऱ्हाईक काहून पळवून राहिला?" म्हणत सेठने कापड मोजायचा लोखंडी गज त्याच्या डोक्यात घातला. गज हिसकायला मी धावलो, तर दुसऱ्या फटक्यात माझं मनगट मोडलं. रक्ताने आंधळा झालेला थोरला पहारीने झाकण उचकटत होता, तेवढ्यात आतला खोकला थांबला. दोरीने वर ओढलेला धाकटा पुन्हा खोकलाच नाही. समुद्राच्या चिखलातले जीवाणू गंधकापासून सडक्या अंड्यांच्या वासाचा हाच विषारी वायू बनवतात, पण वरच्या पाण्यातले दुसरे जीवाणू तो पचवतात आणि गंधकाचं चक्र फिरत राहतं. गटारात ते चक्र माणसाच्या छातीत अडतं. म्हणून सांगतो, आत माणूस असेल तर खुशाल नाक दाबा, पण झाकण लावू नका. आणि कोणी लावत असेल, तर त्याचा हात धरा.