फ्रीडा आणि तोफ

गेर्के हाबेन हा जर्मनीतल्या पूर्व फ्रिसियाच्या किनाऱ्यावरचा गाडीवान. पहिलं महायुद्ध पेटलं, सैन्यानं गावातली घोडी उचलली, तेव्हा त्याच्या धाकट्या बहिणीची, आल्मुथची, घोडी फ्रीडाही गेली. ती आईविना राहिलेलं शिंगरू असताना आल्मुथनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. गेर्केनं हातापाया पडून फ्रीडाच्याच तुकडीत नेमणूक मिळवली. "परत आणीन तिला," असं तो बहिणीला सांगून गेला.

सहा घोडी आणि मागं अवजड तोफ. पुढच्या जोडीत फ्रीडा, तिच्या पाठीवर गेर्के. चार वर्षं तो आपल्या भाकरीतला तुकडा तिला देत आला.

१९१८च्या नोव्हेंबरात माघार सुरू झाली. बेल्जियममधल्या एका चढावर तोफेची चाकं आसापर्यंत रुतली. घोड्यांच्या फासळ्या निघाल्या होत्या.

"साहेब, तोफ राहू द्या इथंच," गेर्के म्हणाला. "जनावरं मरतील."

"तोफ शत्रूच्या घशात घालू?" लेफ्टनंट ओरडला. "घोडी काय, ढिगानं मिळतील. मार चाबूक!"

गेर्केनं मारला. एकदा, दोनदा, मग मोजलंच नाही. फ्रीडानं सगळा जीव लावून ओढलं. तोफ वर आली. फ्रीडा गुडघ्यांवर बसली, ती उठलीच नाही. शेवटी लेफ्टनंटनंच पिस्तूल काढलं.

सहाव्या दिवशी युद्ध थांबलं. पंधरवड्यानं शस्त्रसंधीच्या अटींप्रमाणे तीच तोफ एका कुरणात इतर तोफांच्या रांगेत उभी करून शत्रूच्या स्वाधीन केली. परक्या शिपायानं नळीवर खडूनं आकडा घातला आणि पुढच्या तोफेकडं गेला. गेर्के बघत राहिला.

घरी त्यानं थाप मारली, "एका शेतकऱ्याकडं सोडली. चांगला माणूस आहे." आल्मुथ पुढं आपल्या मुलांना तेच सांगायची.

अकरा वर्षांनी, एका दुपारी चहा पिताना, त्याच्यानं राहवलं नाही. चाबकासकट सगळं सांगून टाकलं.

आल्मुथनं पेल्यातली साय चमच्यानं ढवळली. "मेली असेल, हे मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "पण चाबूक तू मारलास, हे कशाला सांगितलंस रे?"

 इतकी वर्षं खोटं बोलल्याचं गेर्केला वाईट वाटायचं. आता खरं बोलल्याचंही वाटू लागलं. त्या हिवाळ्यात त्यानं घोड्यासकट गाडी विकली आणि समुद्राचं पाणी अडवणाऱ्या बांधावर फावडं घेऊन मजुरीला लागला.