मामांचं औषध

दुकानदार मंडळी, आज थोडक्यात निभावलं.

उंदीर ऐकतात म्हणून आपल्याकडे गिऱ्हाईक उंदराच्या विषाचं नाव घेत नाही, ‘मामांचं औषध’ मागतं. नव्या नोकराला, दत्तूला, हे मीच पढवलं होतं.

आज बंदरावर बोटीतला माल उतरवून दुकानी आलो, तर दत्तू म्हणतो, "खालच्या आळीतली वयनी मामांचा औषद घेवन गेली. मामा सारखे खोकतत म्हनली."

अरे, उंदीर खोकतात? सुना सासऱ्यालाही मामाच म्हणतात!

तसाच धावलो. सासरा ओटीवर खोकत होता, सून मधात पूड कालवत होती. वाटी हिसकावली.

दत्तूला काय बोलू? शब्द मी शिकवला, "कोणाला हवंय?" विचारायला शिकवलं नाही. तुमच्या दुकानात विचारतात?