काटा कमी दाखवणारा पंप

घरात तिला सगळे थोरली म्हणत. धाकटी जाऊ कधीच वेगळी राहायला गेली होती, तरी ही थोरलीच राहिली. थोरलेपणाबरोबर घराच्या किल्ल्या आल्या आणि त्यांच्यात अडकून मामंजींच्या जुन्या गाडीचीही. मामंजींचे डोळे अधू झालेले, नवऱ्याचं गाडी शिकायचं राहूनच गेलेलं. त्यामुळे दवाखाना, बँक, पाहुण्यांना आणणं-सोडणं, सगळं तिच्याच गळ्यात.

गाडी तिच्या हाती आली, पण टाकी मामंजींच्या ताब्यात राहिली. पेट्रोल जाऊन येण्यापुरतंच भरायचं, हा त्यांचा नियम. "टाकी भरली की माणसाला पाय फुटतात," असं ते म्हणत. पूर्वी कधीतरी त्यांच्या धाकट्या मुलाने भरल्या टाकीची गाडी न सांगता पळवली होती. खाल्लं कुणी आणि ओकतंय कुणी. थोरली परतली की मामंजी काठी टेकत फाटकाशी येत आणि खिडकीतून मान घालून पेट्रोलचा काटा बघत. समोरचा माणूस ओळखू येत नसे, काटा बरोबर दिसे.

त्या आठवड्यात गाडी भर चौकात बंद पडली. ढकलत गॅरेजपर्यंत नेली, तेव्हा मेकॅनिकने मागची सीट उचलून टाकीतला, इंजिनाला पेट्रोल पोचवणारा पंप बाहेर काढला.

"वहिनी, हा पण गेला. गेल्या वर्षीच बसवला होता ना?"

थोरलीने तो हातात घेतला. वरचा भाग काळाठिक्कर पडला होता. पाणी आटल्यावर गॅसवर विसरलेलं भांडं असंच दिसतं.

"करपलाय हा," ती म्हणाली. "टाकीत पेट्रोल कमी असतं म्हणून?"

"मग काय. पेट्रोलात बुडून असतो तोवर गार राहतो. तुमच्याकडे तो कायम कोरडाच. कुठलाही बसवा, तेच होणार."

तिने घरी येऊन सांगितलं. मामंजी डोळ्यांना चिकटवलेल्या पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "त्याचं दुकान चालायला नको का?" नवरा म्हणाला, "बाबांच्या तोंडी कशाला लागतेस?" ती तोंडी लागली नाही. कणीक मळायची होती.

एरवी तिने हेही सोडून दिलं असतं. पण शनिवारी धाकट्या बहिणीला दवाखान्यातून सोडणार होते. मांडीचं हाड जोडलेलं, पाय वाकवायचा नाही. बहिणीला दुसरं कुणी नव्हतं, आणि तिला आडवं निजवता येईल अशी लांब सीट याच गाडीला होती. दवाखाना दुसऱ्या गावी. मधे मैलोन्‌मैल नुसतं माळरान. तिथे पंप करपला, तर तो पाय घेऊन ती रस्त्यावर बसणार होती का?

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने टेबलावर पंप मांडले. "कंपनीचा नवा मागवावा लागेल, शनिवारपर्यंत येत नाही. हा बाजारातला, दिसायला झकास, पण याची खात्री मी देणार नाही. आणि हा जुना, भंगारात आलेल्या गाडीतला. अस्सल आहे, मी चालवून बघितलाय. फक्त ती गाडी तुमच्या गाडीची मावसबहीण. बसेल बरोबर, पण याला जोडलेला, काटा हलवणारा तरंगता गोळा वेगळा. टाकी काठोकाठ भरली तरी काटा निम्म्यावर जाणार नाही. गोळ्याची ही तार वाकवून देतो मी, मग नीट दाखवेल."

त्याने पक्कड उचलली.

थोरली स्टुलावर बसली होती. सकाळपासून पहिल्यांदाच बसली होती. तिने त्या बारीक तारेकडे बराच वेळ पाहिलं.

"राहू द्या," ती म्हणाली.

"अहो, काटा खोटं बोलेल."

"बोलू दे. मी बोलून दमले."

मेकॅनिकने पक्कड खाली ठेवली आणि हसू दाबत सीटखाली डोकं घातलं.

शनिवारी पहाटे तिने टाकी भरली. पेट्रोल भरणारा "किती?" म्हणाला, तेव्हा "फुल" हा शब्द तोंडातून निघायला वेळ लागला. काटा निम्म्याच्या जरा खाली थबकला. जाताना-येताना गाडीने एकदाही आचका दिला नाही. बहीण मागे उशीला टेकून आडवी पडली होती. माळरानावर तिने मान उंचावून पाहिलं.

"ताई, काटा बघ की. पोचू ना?"

"पोचू. तू झोप."

घरी पोचेपर्यंत काटा तळाला टेकत आला होता. टाकी मात्र अजून निम्मी भरलेली होती. मामंजी फाटकाशी आले. मागच्या सीटवर कोण आहे ते त्यांना आधी दिसलं नाही. त्यांनी खिडकीतून मान घातली, काट्याकडे पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली.

"बघ, बरोबर जाऊन येण्यापुरतं. उगाच कुणाचं ऐकू नये."

"हो, मामंजी," थोरली म्हणाली. "जरा बाजूला व्हा, हिला उतरवायचंय."