बंद स्टेशनात पॅसेंजर थांबली तेव्हा

आधीच सांगतो, आमच्या घरात अंगारा-धुपारा कधी चालला नाही. आम्ही बौद्ध, त्यात मी नाते गावातल्या शाळेत विज्ञान शिकवतो. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी भर वर्गात टर उडवलीय!

महाड तालुक्यात आमच्या वाडीखाली एक छोटं स्टेशन होतं. तिथे माझे चुलते, तात्या, कमिशनवर तिकिटं विकायचे. गाडी आली की काखेत छत्री मारून फलाटाच्या टोकाला जायचे आणि वाडीकडे तोंड करून हाळी द्यायचे, "कोन ऱ्हायलाय का रेऽऽ?" मग शेवटचं माणूस चढेपर्यंत गार्डला गप्पांत गुंतवायचे. गाडीही बिचारी थांबायची... पुढे उतारू कमी म्हणून स्टेशन बंद झालं. तात्याही वारले.

मागच्या वर्षी माझ्या मुलीची, प्रज्ञाची, पनवेलला सरकारी नर्सची परीक्षा होती. शेवटची संधी — नंतर वयात बसणार नव्हती. सकाळी निघालो, तर हायवेवर टँकर आडवा! पुढचं चालू स्टेशन गाठायलाही तोच रस्ता. प्रज्ञा रडायलाच लागली.

माझे वडील म्हणाले, "रडू नको गो. चल, आपल्या टेसनात जाव. पॅशिंजरला हात करू."

"बाबा, ती काय एसटी आहे?" मी चिडलो. पण गेलो. दुसरं करणार काय?

फलाटावर गुडघाभर गवत. माणूस म्हणाल तर आम्ही तिघंच. पॅसेंजर दिसली, आम्ही वेड्यासारखे हात हलवले आणि — ब्रेक करकरले. गाडी थांबली!

ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "लाल झेंडा दाखवणारा म्हातारा कुठे गेला? काखेत छत्री होती त्याच्या!"

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. प्रज्ञा मात्र तोवर डब्यात चढलीसुद्धा! गाडी हलली तसे बाबा टोपी उडवत ओरडले, "गेली रे, माजी नात गेली!"

पोरगी पास झाली. वाडीतली पहिली सरकारी नर्स! विहारासमोर खालूबाजा लावला, आणि जन्मात कधी न नाचलेला मी घामाघूम होईस्तोवर नाचलो.

भास म्हणावा, तर तो आम्हाला नाही, ड्रायव्हरला झाला. आणि भासाला छत्री कुठून आली? खूप डोकं खाजवलं, उत्तर काही सापडलं नाही. पण प्रज्ञा पांढऱ्या गणवेशात ड्युटीला निघते ना, तेव्हा ऊर असा भरून येतो, की खरं सांगतो, उत्तर नसलं तरी चालतं.