पानावर आडवा हात

दिगूमामांना पंगतीत जेवायला बसलेलं मी कधी पाहिलं नाही. शिरूर अनंतपाळला आजोळच्या भावकीत लग्न असो, बारसं असो की तेरावं, मामा कमरेला उपरणं आवळून, हातात परात घेऊन वाढायला उभे. आणि त्यांची सुरुवात नेहमी उलटीकडून. बाकीचे वाढपी मांडवाच्या तोंडाशी, जिथे पुढारी, मास्तर आणि सोयरे बसत, तिथून निघायचे. मामा निघायचे पार मागून, जिथे बँडवाले, टेम्पोचा ड्रायव्हर आणि कामं उरकून उशिरा टेकलेल्या बायका बसायच्या.

“पहिली वाढ समद्यांना,” ते म्हणायचे. “शेवटचं पान भरल्याबिगर दुसरी वाढ न्हाई. मंग बसणारा कुनी का असंना.”

कुणी का असेना म्हणजे खरोखरच कुणी का असेना. माझ्या लग्नात माझ्या चुलत सासऱ्यांनी जिलबी संपवून पुन्हा हात वर केला. मामा भरली परात घेऊन समोरूनच चालले होते. थांबले, वाकले आणि अगदी आदबीनं म्हणाले, “पाव्हनं, मागं पानं कोरडी हायत. जरा दम खावा, तुमच्याकडंच येऊन राहिलो.” ते परत आले आणि दोन जास्तीच्या जिलब्या वाढून गेले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. ती जिलबी मला पुढे कित्येक वर्षं सासरी टोमण्यांतून वाढली गेली.

त्याच दुपारी, तीन पंगती उठल्यावर, मी नव्या नवरीचा तोरा विसरून भर मांडवात विचारलं, “मामा, तुम्ही जेवलात का?” त्यांनी मला डोळ्यांनीच दटावलं आणि बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, वाढप्यानं आपली भूक जेवणाऱ्याला दाखवू नाही. त्याचा घास कडू होतो.”

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. शिरूरला थोडी शेती होती, ती भाऊ बघायचे, आणि मामा लातूरच्या एका डाळ मिलमध्ये तुरीच्या खरेदीवर होते. आपल्याकडे तूर कमी पिकली की मिलवाले आफ्रिकेतून मागवतात. म्हणून मालकानं मामांना दोन हंगाम मालावी नावाच्या देशात पाठवलं. हैदराबादच्या पलीकडे न गेलेला हा माणूस, येसर मसाल्याचा डबा पिशवीत घालून विमानात बसला. तिथल्या गोदामावर चिकोंडी नावाचा एक चाळिशीचा गडी माल भरून घेण्याच्या कामावर होता. त्याला इंग्रजी बरं यायचं. मामांना हिंदी बरी आणि इंग्रजी धकवण्यापुरती. एवढ्यावर दोघांचं जे काही जमलं, ते आमच्या भावकीत सख्ख्या भावांचं जमत नाही.

चिकोंडीनं त्यांना गावी घरी जेवायला नेलं होतं. ते जेवण मामांनी आम्हाला किती वेळा सांगितलं असेल कुणास ठाऊक. “आपल्यावानीच हायत बाई लोकं. आधी हातावर पानी घालतेत. मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा अन् पाल्याची भाजी. भाजी थोडीच होती. म्हातारीनं, म्हंजी त्याच्या मायनं, समदी माझ्या पानात घातली. तुमी जेवल्या का म्हनून इचारलं, तं नुसती हसून राहिली.” आणि शेवट ठरलेला: “माझी वळख ना पाळख. अन् पहिलं पान माझं.”

मामांनी चिकोंडीला जेमतेम एका शब्दापुरती मराठी शिकवली होती. मालाचं जहाज निघालं की चिकोंडी तिकडून विचारायचा, “पोचलं का?” आणि माल मिलमध्ये उतरला की मामा कळवायचे, “पोचलं.” मामा नोकरीतून मोकळे झाले, तुरीचा व्यवहार दुसऱ्यांकडे गेला, तरी महिन्या-दोन महिन्यांनी हा फोन चालूच राहिला. पोराची परीक्षा, म्हातारीचे गुडघे, पाऊसपाणी, सगळ्याला “पोचलं का” चालायचं.

मग कोरोना आला. लातुरात लशीसाठी रांगा लागल्या तेव्हा मामांनी आणि मामीनं दोन्ही डोस घेतले. मामांना साखर, त्यात मिलचा भुसा वर्षानुवर्षं छातीत गेलेला. दुसरा डोस घेऊन आल्यावर त्यांनी मोठ्या उत्साहानं मालावीला फोन लावला. “म्हातारीची लस पोचली का?”

“नाही पोचलं,” चिकोंडी म्हणाला.

पुढच्या फोनलाही तेच, त्याच्या पुढच्याही. शहरात थोड्या लशी आल्या होत्या, गावाकडे नाही. एकदा आल्या त्या मुदत संपत आलेल्या. चार लोकांना टोचून होईपर्यंत तारीख उलटली. हे ऐकून मामा खवळले. “आंबायला लागलं की मंग मागच्या पंगतीला वाढायचं. ह्याला काय वाढनं म्हनतेत?”

त्यानंतर इथे साठीच्या पुढच्यांना तिसरा डोस सुरू झाला. मामांच्या मोबाइलवर निरोप आला. मामांनी तो वाचला आणि मामीला तयार व्हायला सांगितलं. तिला केंद्रावर नेलं, डोस देववला, हाताला धरून घरी आणलं. स्वतः घेतला नाही.

मामीचा फोन आल्यावर मी नांदेडहून सकाळच्या बसनं लातूर गाठलं. मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते. समोरच्याला पटल्याशिवाय सोडायचं नाही, ही खोड हाडात मुरलेली.

“मामा, तुम्ही सोडलेला डोस काही विमानात बसून मालावीला जाणार नाही,” मी म्हटलं.

“हाव. ठाऊक हाय.”

“इथे कुपी फोडली आणि माणसं आली नाहीत, तर उरलेला फेकून देतात.”

“फेकू दे. फेकनाराचं त्याच्यापाशी.”

“मग दोन तरी कामून घेतले?” माझा आवाज चढला की माझी भाषाही लातूरला पोचते.

“भात अन् वरन मिळून एक वाढ असती. ती समद्यांनी घ्यावी. हे म्हंजी पुन्यांदा मागनं हाय. मागं म्हातारीचं पान कोरडं हाय, अन् म्या कसा मागू?”

“तुमच्या छातीची हालत बघा. मामीचा तरी विचार करा.”

“म्हनून तर तिला देववलं. पानावर हात ज्याचा त्यानं धरायचा, दुसऱ्याच्या पानावर धरू नाही.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिचं पान भरू दे. त्या दिवशी तूच मला घेऊन चल. एक शब्द बोलनार न्हाई.”

मी त्या दिवसाची वाट बघणार नव्हते. रिक्षा बोलावली आणि त्यांना बसवून केंद्रावर नेलं. माझं मन मोडवत नव्हतं म्हणून ते आले, एवढंच. सिस्टरनं सुई भरली आणि बाही वर करायला सांगितली. मामांनी बाही वर केली, आणि पंगतीत नको म्हणताना आपण पानावर हात आडवा धरतो ना, तसा दुसरा पंजा दंडावर आडवा धरला.

“गेल्या साली लोकं इथं भांडून राहिले होते आजोबा,” सिस्टर म्हणाली, “अन् तुम्ही नको म्हणता?”

“पोट भरलंय माय,” मामा हसून म्हणाले.

सुईपुरतं अंतर राहिलं होतं. त्यांचा पंजा ओढून बाजूला करावा, असं मला अगदी आतून वाटलं. पण त्यांच्याएवढ्या माणसाचा हात ओढायचा कसा? मी त्यांना रिक्षात घालून परत आणलं आणि जेवण न करता नांदेडला निघाले. बसच्या खिडकीशी येऊन त्यांनी मुरमुऱ्याची पुडी दिली. मी ती त्यांच्याकडे न बघता पिशवीत टाकली.

पावसाळ्यात मामांना कोरोना झाला. लातुरात चार दिवस काढून त्यांना नांदेडला माझ्याजवळ आणलं, तोवर छाती भरून आली होती. मामीलाही तोच आजार झाला. दोन दिवस ताप आला आणि उतरला. मामांचा श्वास काही सुधारला नाही. बोलायला यायचं तोवर त्यांनी एकदाच विचारलं, “फोन आला होता का?” मी नाही म्हटलं. आषाढ संपायच्या आत ते गेले.

मी डॉक्टरांना गाठून विचारलं, तिसरा डोस असता तर? ते भले गृहस्थ होते. म्हणाले, “वाचलेच असते असं मी सांगू शकत नाही. वाचले नसते असंही सांगू शकत नाही.” या दोन वाक्यांच्या मध्ये मी आजही उभी आहे.

मला मामांचा राग येतो, अजून येतो. जगाची पंगत कोण वाढतंय, कुणाचं पान आधी भरतंय, हे लातुरात दंडावर हात धरून बदलणार नव्हतं, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. ते चुकले असं म्हणायला जाते, तर म्हातारीनं वाढलेली ती भाजी आठवते. ते बरोबर होते असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मला मामा हवे होते. मामी तर तेराव्याला एवढंच म्हणाली, “म्या घेतला, म्हनून राहिले. आता हे राहनं कुनाला वाढू?”

त्यानंतर पोळ्याच्या आसपास मी लातूरला मामीकडे गेले. मामांचा फोन तिनं बंद केला नव्हता; रोज चार्जिंगला लावून त्यांच्या उशीजवळ ठेवायची. दुपारी आम्ही दोघी जेवायला बसलो आणि तो वाजला. मालावीचा नंबर होता. त्याला कळवायचं आमच्यात कुणाला सुचलंच नव्हतं.

मी उचलला आणि काही बोलायच्या आत पलीकडून आवाज आला, “मामा, पोचलं. पोचलं, मामा.”

मग तो इंग्रजीत धडाधड सांगत सुटला. लशीची माणसं गावात आली, झाडाखाली टेबल मांडलं, गावातल्या साऱ्यांना टोचलं. आई सगळ्यात शेवटी बसली. लातूरच्या मुलाला आधी कळव म्हणून तिनं सकाळपासून पिच्छा पुरवलाय. मी त्याला बोलू दिलं. मग सांगितलं की मी त्यांची भाची बोलते आहे, आणि मामा आता नाहीत.

तो हळूच म्हणाला, “कशानं गेले? कोरोनानं? पण तुमच्याकडे तर लशी होत्या.”

सगळं ओठांवर आलं होतं. ते तुझ्या आईसाठी थांबले होते, हे मामांनी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं, आणि त्या म्हातारीलाही कळलं असतं.

“वय झालं होतं त्यांचं,” मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर मामीनं विचारलं, “काय म्हनला?”

“पोचलं म्हणाला. म्हातारीला मिळाली लस.”

मी भाताचं पातेलं तिच्याकडे सरकवलं, तेव्हा तिनं ताटावर हात आडवा धरला.