एका चक्राची सायकल आणि थिजलेलं खोबरेल

तुमचे आजोबा गेल्या वर्षी ट्रायथलॉनमध्ये उतरले, हे तुम्ही व्हिडिओ कॉलवर पाहिलंत. ते परत कसे आले, हे मात्र त्यांनी दाखवलं नाही. मासळीच्या बर्फाच्या टेम्पोत, सायकलीला मिठी मारून आले. पोहून झालं होतं. सायकलीवर चढणीला गिअर बदलताना चेन पुढच्या दोन चक्रांच्या मधे पडली आणि अशी अडकली की ती सुटेपर्यंत वेळेची मर्यादा संपून गेली. धावण्यात आपण पहिले आलो असतो, असं ते आजही सांगतात. खोटं कोण पाडणार?

यावर त्यांनी उपाय शोधला. पेडलपाशी दोन दातेरी चक्रं असतात म्हणून चेन पडते. तर मग एकच ठेवायचं.

"अगं, हल्ली सगळे एकच ठेवतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"इंटरनेटवरचे."

मग काय, प्रश्नच मिटला. घरातला नळ गळू लागला की प्लंबरला फोन करायलाही मला सांगणाऱ्या या माणसाने पडवीतला माझा झोपाळा उतरवला आणि त्याच्या कड्यांना सायकल टांगली. पुढची दोन्ही चक्रं काढली, चेन इकडून तिकडे ढकलणारा पिंजरा काढला, डाव्या हाताचा खटका काढला. स्क्रू ठेवायला माझा मसाल्याचा डबा घेतला, हळदीसकट.

नवं चक्र मात्र मला आवडलं. त्याचा एक दात जाड, एक बारीक, पुन्हा एक जाड. चेनीचीही घरं तशीच, एक रुंद, एक अरुंद. जाड दात रुंद घरात बसला की चेन घट्ट राहते. आजोबांनी नेमका जाड दात अरुंद घरात बसवला होता आणि चेन चक्रावर चढून बसत होती. एक उलटा, एक सुलटा हे जन्मभर विणकाम केलेल्या बाईला शिकवावं लागत नाही. मी तेवढंच बोलले.

"मी तेच करत होतो," ते म्हणाले.

मागच्या चक्रांच्या चळतीत पोळीच्या तव्याएवढं मोठं चक्र बसलं. चेन मापून तोडली, उजव्या खटक्यापासून मागच्या गिअरपर्यंत नवी केबल ओवली. राहिलं तेल. तुम्ही पाठवलेली चेनच्या तेलाची बाटली मी कपाटात, चिठ्ठी लावून, नीट ठेवली होती. ती काढून दिली तर आजोबांचा स्वाभिमान जागा झाला.

"आपल्या वाडीतलं खोबरेल असताना परदेशी तेल कशाला? कुलपांना चालतं, बिजागऱ्यांना चालतं, सायकलीला का नाही?"

आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजतं, म्हणून जे लोखंडाचं दिसेल त्याला खोबरेल चोपडायची पद्धत आहे हे खरं. त्यांनी चेनीला लावलं, मागच्या गिअरच्या सांध्यांत सोडलं, केबलच्या नळीतही ओतलं. भर दुपारी पडवीत गिअर लोण्यासारखे बदलत होते. मी म्हटलं, "अहो, थंडीचे दिवस आहेत." त्यांना ते माझ्या गुडघ्यांबद्दल वाटलं.

मग त्यांनी स्वतःची परीक्षा ठरवली. आगरदांड्याहून पहिल्या बोटीने खाडीपलीकडे दिघीला उतरायचं, म्हसळ्यापर्यंत जाऊन मागे फिरायचं आणि परतताना माझी गाडी ज्या बोटीवर चढेल तीच बोट गाठायची. चुकली, तर स्पर्धेतून नाव काढायचं आणि सायकल विकायची. "आणि माझ्यासाठी बोट थांबवायची नाही. बाहेरची मदत नियमात बसत नाही." हे बोलताना चेहरा असा, की मला टोमणा सुचला नाही. त्यांना ती स्पर्धा खरंच पुरी करायची होती.

बोटीवरच्या खलाशाला टोमणा सुचला. "काका, पुढचं दुसरं चक्र कुठं हाय? निम्मे गिअर विकले काय?"

"हलकी केली रे."

"व्हय, खिसा पन हलका झाला आसंल."

दिघीची चढण त्यांनी सर्वांत हलक्या गिअरवर झकास काढली. मी गाडीतून मागे होते. चेन पडली नाही. वर सपाटीला आले आणि बघते तर पाय चरख्यासारखे गरगरतायत आणि सायकल चालतेय पायी चालल्यासारखी. एक म्हैस त्यांना मागे टाकून गेली, तीही घाईत नव्हती. खटका मागे जात होता, गिअर जागचा हलत नव्हता. पहाटेच्या गारठ्यात नळीतलं खोबरेल थिजलं होतं.

कोकणात जन्म काढलेल्या माणसाला खोबरेल थिजतं हे माहीत नसावं? पण त्यांना आयुष्यभर ते पातळच मिळालं. थंडीत आंघोळीआधी बाटली गरम पाण्याच्या तांब्यात कोण ठेवतं, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही.

मी काच खाली केली. "अहो, थर्मासात कोरा गवती चहा आहे, बिनसाखरेचा. नळीवर ओता."

"बाहेरची मदत नको!"

"बरं." मी थर्मास रस्त्याकडेच्या दगडावर ठेवला आणि गाडी फिरवून दिघीला परतले. दगडावर काय सापडतं, याबद्दल नियम गप्प आहेत. मी वाचले होते.

बोट लागली. गाड्या चढल्या, माझीही चढली. फळी उचलायच्या आधी खलाशी म्हणाला, "काकू, थांबू काय जरा? काका येतील."

"नको. त्यांचा हुकूम आहे."

खाडीच्या मध्यावर पोचलो तेव्हा जेट्टीवर आजोबांचा पिवळा शर्ट दिसला. मी हात केला नाही. त्यांनीही नाही.

पुढच्या बोटीने ते घरी आले. रिकामा थर्मास ओट्यावर ठेवला. सायकलीच्या मागच्या अंगाला गवती चहाचा वास येत होता. मी चूल-भांडी आवरत राहिले. नाव काढायचा फोन ते कधी करतात, याकडे कान होता. मग पडवीतून हाक आली.

"अगं, ही परीक्षा धरता यायची नाही. दोष तेलाचा होता."

म्हणजे हार नारळाने पत्करली. मी कपाटातून तुमची बाटली काढून त्यांच्या हातात दिली. ते केबल ओढून रॉकेलच्या फडक्याने पुसत बसले होते. बाटलीवरची माझी चिठ्ठी त्यांनी वाचली, 'सायकलीसाठीच', आणि झाकण उघडलं.

पुढच्या रविवारी परीक्षा पुन्हा झाली, गारठा तेवढाच होता. मी दिघीला बोटीवर चढले तेव्हा ते आधीच कठड्याला टेकून उभे होते आणि खलाशाला एका चक्राचे फायदे समजावून देत होते. तो बिचारा फळी उचलायचं काम असल्याचं सांगून निसटला.

स्पर्धेत नाव कायम आहे. झोपाळा अजून जमिनीवर आहे. उरलेलं खोबरेल आता आजोबांच्या डोक्याला लागतं, जिथे अडकण्यासारखं काहीच राहिलेलं नाही. बाटली तांब्यात ते स्वतः ठेवतात.